बोनेअरला पहिल्यांदा जातोयस तर

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स नुकताच झालाय ना, मग कॅरिबियनमधलं बोनेअर बेट बेस्ट, कारण बोटीची भानगड नाही, पिकअप घ्यायची, मागे हवेच्या टाक्या टाकायच्या आणि रस्त्याकडेला डाइव्ह साइटचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की गाडी थांबवून सरळ पाण्यात. फक्त गाडीत काहीही ठेवू नकोस, माझा टॉवेल आणि चपला गेल्यात एकदा, चपला!

नेचर फी, म्हणजे इथे पाण्यात उतरायचं शुल्क, आधी भर आणि पहिल्या दिवशी चेक डाइव्ह, म्हणजे सोपा तपासणीचा डाइव्ह, करावाच लागतो, तो उरकायचा म्हणून करू नकोस, खाली जायला अंगावर शिशाचं वजन किती लागतंय ते तिथेच नीट बघून घे. १९७९ पासून इथे मरीन पार्क आहे, ग्लोव्ह्ज चालत नाहीत, कोरलला हात लावायचा नाही.

थाउजंड स्टेप्स या साइटला पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत पण टाकी पाठीवर घेऊन वर येताना हजार वाटतात. खाली शांत राहिलास तर पॅरटफिश कोरल कुरतडतात त्याचा कर्रकर्र आवाज चक्क ऐकू येतो, आणि मग मागून पांढऱ्या वाळूचा ढग सोडतात, ती त्यांची शी बरं का.

हिल्मा हूकर हे गांजा सापडलेलं जहाज १९८४ मध्ये बुडालं, तळ ३० मीटरवर आहे, तू १८ च्या खाली जाऊ नकोस आणि आत तर अजिबात नाही. सॉल्ट पिअर या मिठाच्या धक्क्याला मिठाचं जहाज लागलेलं असेल तर डाइव्ह बंद, आधी विचारून जा. आणि परतीच्या फ्लाइटआधी १८ तास तरी कोरडा रहा, म्हणजे डाइव्ह नको.