६०६१-टी६ ॲल्युमिनियम वेल्डिंगनंतर जोडाच्या शेजारी का वाकते?

आपण विचारले आहे की, ६०६१-टी६ (६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, टी६ ही उष्णताप्रक्रियेने मजबूत केलेली त्याची अवस्था) च्या पाइपची फ्रेम टिग वेल्डिंगने जोडून घेतली, जोड भरीव आणि स्वच्छ दिसतो, तरीही वजन पडताच पाइप जोडाच्या शेजारी का वाकतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यांसाठी सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, वाहणाऱ्या ट्रॉल्या बनवताना हाच प्रश्न मी अनेकदा पाहिला आहे. अशा वेळी बोल लावला जातो वेल्डरला. दोष मात्र बहुधा आराखड्यात असतो.

६०६१ मध्ये साधारण १ टक्का मॅग्नेशियम आणि ०.६ टक्के सिलिकॉन असते. हा धातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात झटकन थंड करतात आणि नंतर १६० ते १७५ अंशांवर काही तास ठेवतात, तेव्हा या दोन मूलद्रव्यांचे सुईसारखे, अतिसूक्ष्म कण धातूभर दाटीने तयार होतात. भार आल्यावर स्फटिकातील थरांचे सरकणे हेच कण अडवतात; टी६ ची ताकद ती हीच.

वेल्डिंगची उष्णता नेमकी या कणांवर घाला घालते. जोडाला अगदी लागून ते विरघळतात, आणि तो भाग पुढे काही दिवसांत खोलीच्या तापमानालाच थोडा सावरतो. त्याच्या पलीकडे, जिथे धातू वितळत नाही पण तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तापतो, तिथे लहान कण नाहीसे होऊन मोजके जाड कण उरतात. हा पट्टा आपोआप सावरत नाही. जोड आडवा कापून, घासून, विकर्स यंत्रावर एकेक मिलिमीटर बाहेर सरकत कठीणपणा मोजला, तर मूळ पाइपवर १०५-११० असणारा आकडा या पट्ट्यात ७० च्या आसपास उतरतो आणि पुढे पुन्हा चढतो. ताणशक्तीही सुमारे ३१० मेगापास्कलवरून १७०-१९० पर्यंत घसरते. पाइप वाकतो तो इथेच.

त्यामुळे फिलर तार (जोडात वितळवून भरायची तार) बदलून किंवा जोडावर आणखी एक थर चढवून हा पट्टा सुधारणार नाही. उलट जास्तीच्या उष्णतेने तो रुंदावेल. जोड गोठताना पडणाऱ्या भेगा टाळण्यासाठी ४०४३ सारखी फिलर तार आवश्यकच आहे, पण तिचे काम तेवढेच. पूर्वतापन, म्हणजे वेल्डिंगआधी धातू तापवणे, १२० अंशांपुढे नेऊ नये आणि वेल्डिंग शक्य तितके जलद करावे.

माझा आग्रह राहील तो जोडाची जागा बदलण्याचा. जिथे वाकवणारा भार सर्वाधिक, तिथे आडवा जोड ठेवू नये, आणि हिशेबात जोडाच्या दोन्ही बाजूंचा सुमारे २५ मिलिमीटरचा पट्टा कमजोरच धरावा. जोड हलवता येत नसेल तर पाइपची जाडी वाढवावी, किंवा पाइप टी४ अवस्थेत (तापवून पाण्यात थंड केलेला, पण १६०-१७५ अंशांवर न ठेवलेला) घेऊन, वेल्डिंग करून, मग पूर्ण फ्रेम भट्टीत १६०-१७५ अंशांवर ठेवावी. पत्र्याचे काम असेल तर ५०८३ हा ॲल्युमिनियमचा दुसरा मिश्रधातू वापरावा. त्याची ताकद अशा कणांवर अवलंबून नसल्याने वेल्डिंगनंतरही ती सुमारे २७५ मेगापास्कल राहते.