गोळी लपवली म्हणून केस संपली असं नाही

नाशिकच्या सिडकोतल्या दादा, तुमचा मेसेज नीट वाचला. वडिलांची बायपास झाली, डिप्रेशनची एस्सिटालोप्राम ते घेत होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, ऑपरेशनमध्ये रक्त जास्त गेलं, दुसऱ्या दिवशी बॅगेत स्ट्रिप सापडली ती तुम्ही आयसीयूतल्या सिस्टरला दाखवली, तरी त्या रात्री दुखतंय म्हणून ट्रामाडॉल दिलं आणि मग ताप, थरथर, बरळणं, परत व्हेंटिलेटर. आता हॉस्पिटल म्हणतंय लपवलंत तुम्ही, आमचा काय संबंध.

रक्ताचा मुद्दा कच्चा आहे, सरळ सांगते. या गोळीने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं काम मंदावतं, पण भूलतज्ज्ञांनी विचारलं आणि वडील नाही म्हणाले असतील तर दोष डॉक्टरांवर टाकणं अवघड. हां, ‘चालू औषधं’ हा रकाना कोराच ठेवून नुसती सही घेतली असेल तर गोष्ट वेगळी, कारण विचारणं त्यांचंच काम.

खरा जोर स्ट्रिप दाखवल्यानंतरच्या भागात आहे. या गोळीवर ट्रामाडॉल दिलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन फार वाढून ताप, थरथर, बरळणं) धोका असतो हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं, मग कळल्यावरही दिलं का आणि कुणाला विचारून दिलं? पण बायपासनंतर पेशंट एरवीही बरळतात, म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलच्या तज्ज्ञाचं लेखी मत लागेलच.

आधी कागद हातात घ्या. भूलपूर्व तपासणी, ड्रग चार्ट, नर्सिंग नोट्स, संमतीपत्र, सगळ्यासाठी आजच लेखी अर्ज करा आणि पोच घ्या, 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यावे लागतात. नर्सिंग नोट्समध्ये स्ट्रिपची नोंद किती वाजताची आणि चार्टवर ट्रामाडॉल किती वाजता, या दोन वेळा शेजारी ठेवून बघा. नोंदच नसेल तर तेव्हा तिथे असलेल्या नातेवाइकांची नावं आत्ताच लिहून ठेवा.

तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात होईल, मुदत 2 वर्षं, बिल 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पोलिसांत लगेच धावू नका, जेकब मॅथ्यू केसमध्ये 2005 साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरवर फौजदारीसाठी फार मोठा निष्काळजीपणा दिसला पाहिजे असं म्हटलंय.

आणि तक्रारीत ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ असं चुकूनही लिहू नका, त्या एका खोट्याने ट्रामाडॉलचा खरा मुद्दाही जाईल. वडिलांना घरात कुणी बोल लावू नका, लाजेपोटी गप्प राहिले ते, आणि गोळी पुढे घ्यायची की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्टचे डॉक्टर दोघांना विचारूनच ठरवा.