गिझर तोच, माणसं तीच. मग बिल का बदलतं?

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये ९६ युनिट आले, जानेवारीत १२२. गिझर तोच, माणसं चारच, पंखेही बंद. मीटर जोरात पळतंय का? (एक वाचक, नाशिक)

मीटरवर शंका घेण्याआधी नळाखाली हात धरून पाहा. बिल तिथूनच वाढायला लागतं. एक आकडा लक्षात ठेवा : ८६०. एका युनिटमध्ये ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. २० लिटरची बादली आंघोळीजोगी, म्हणजे ४० अंशांवर आणायची आहे असं धरा. ऑक्टोबरात टाकीतलं पाणी २५ अंशांचं असेल तर १५ अंश चढवावे लागतात. २० गुणिले १५ म्हणजे ३००, त्याला ८६० ने भागलं की ०.३५ युनिट. नाशिकच्या जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १६ अंशांपर्यंत उतरलं, की त्याच बादलीला ०.५६ युनिट लागतं. फरक ०.२१ चा. चार बादल्या, तीस दिवस : २५ युनिट. तुमचे वाढलेले २६ बहुतेक इथेच आहेत. पंख्यांची थोडी बचत होते खरी, पण थंडीत कढत पाण्याखाली माणूस जरा जास्तच वेळ रेंगाळतो आणि ती बचत तिथे निघून जाते.

रुपये मात्र युनिटपेक्षाही जास्त वाढलेले दिसतील. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा एक दर आहे आणि १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त. तुमचे वरचे २२ युनिट या महाग टप्प्यात गेले. ‘शंभर ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात’ हा समज चुकीचा आहे. महागतात ते फक्त वरचे. त्यावर इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार लागणारी रक्कम) महिन्यागणिक बदलतो आणि वीज शुल्क टक्केवारीने लागतं. म्हणून दोन बिलांची तुलना रुपयांत करूच नका. युनिटांना बिलाच्या दिवसांनी भागा आणि रोजचे युनिट ताडून पाहा. एक बिल २८ दिवसांचं आणि पुढचं ३४ दिवसांचं असलं तरी हिशेब चुकणार नाही.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. दोन महिन्यांत बिल अचानक चढलं. दुरुस्तीवाला म्हणतो, कॉइलवर क्षार साचलेत, ते वीज खातात. (सोलापूर)

हे उत्तर सगळे देतात, पण ते अर्धंच खरं आहे. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता जाणार कुठे? क्षारांचा थर असला तरी ती पाण्यातच उतरते, फक्त उशिरा. थरामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, म्हणून ती साफ करून घ्यायला हवीच. थर्मोस्टॅटजवळ, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणाऱ्या भागाजवळ, क्षार बसले तर पाणी हवं त्यापेक्षा जास्त तापू शकतं, हेही तपासून घ्या. पण बिल एकाएकी चढायला एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही.

आधी गरम पाण्याचे नळ पाहा. वॉशर झिजून तासाला लिटरभर पाणी ठिबकत असेल, तर दिवसाला २४ लिटर तापवलेलं पाणी मोरीत जातं. ते ३० अंशांनी तापवलेलं असेल तर रोजचे ०.८४ युनिट, महिन्याचे २५! गिझर दिवसभर चालू राहत असेल तर टाकीच्या भिंतीतूनही साधारण अर्धा ते एक युनिट रोज निसटतं. रात्री घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गिझर चालू ठेवा, कोणीही पाणी घेऊ नका, आणि झोपताना (पाणी पूर्ण तापून गिझर आपोआप थांबल्यावर) व उठल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. रात्रभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास किंवा जास्त गेलं, तर गळतीची शंका घ्या.

प्रश्न : ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २ किलोवॅटच्या टाकीवाल्यापेक्षा जास्त बिल आणतो का? (ठाणे)

नाही. तो तेवढंच पाणी लवकर तापवतो, इतकंच. उलट त्यात पाणी साठून निवत नाही.

प्रश्न : छतावर २०० लिटरचा सोलर आहे. पावसाळ्यात बॅकअप कॉइल रात्रभर चालू ठेवतो आणि बिल भलतंच येतं. (पुणे)

चौघांना विसण घालून घेण्यासाठी ६० अंशांचं ३५-४० लिटर पाणी पुरतं. कॉइल मात्र पूर्ण टाकी तापवत बसते : २०० लिटर, ३६ अंश, म्हणजे पहिल्याच वेळी ८ युनिटांहून जास्त. मला याहून जास्त खटकतं ते पुढचं. सकाळी टाकी आधीच गरम असली, की दुपारी ढग फाटून ऊन पडलं तरी सूर्याला तापवायला थंड पाणी उरत नाही. फुकट मिळणारी उष्णता तुम्ही रात्रीच विकत घेतलेली असते. जून ते सप्टेंबर कॉइलचं बटण बंदच ठेवा आणि न्हाणीघरात दहा लिटरचा गिझर बसवा. आंघोळीपुरता लावा, झाली की बंद करा.

प्रश्न : घर महिनाभर बंद होतं, तरी नेहमीएवढंच बिल कसं? (सातारा)

बिलावरच्या चालू आणि मागील रीडिंगचे रकाने पाहा. मीटरपर्यंत पोचता आलं नसेल तर सरासरीने बिल लावलं जातं आणि पुढचं खरं रीडिंग झालं की ते वळतं केलं जातं. आजच मीटरचा तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा. पुढच्या बिलाशी तो ताडून पाहता येईल.