तो रिफंड तुझाच पैसा गं पोरी

पोरी,

काल तू कुंद्याचा डबा घेऊन आलीस आणि दारातनंच ओरडलीस, काका सरकारनं इन्कम टॅक्सच्या रिफंडात ४३,०५० दिले म्हणून. तुझी आई समोर होती, मी गप कुंदा खाल्ला. पण रात्री राहवेना म्हणून लिहितोय. दिले नाहीत बाई, परत केले. त्यातले ४२,००० तुझेच होते.

हिशोब बघ की. पुण्याची कंपनी तुला महिन्याला ३५,००० देते पण पगार म्हणून नव्हे, कन्सल्टंट म्हणून, तू बेळगावात टिळकवाडीत घरात बसून काम करतेस, पीएफ नाही काही नाही, आणि प्रोफेशनल फी म्हटली की देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ टॅक्स, कापायचा असा नियमच आहे. म्हणजे दरमहा ३,५०० गेले, बारा महिन्यांचे ४२,०००. आता तुझ्या ४ लाख २० हजारावर नव्या रिजीममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, टॅक्स लागतच नाही, २०२५-२६ पासून तर १२ लाखापर्यंत शून्य होतो (शेअर विकून झालेला फायदा त्यात धरू नकोस, त्याचं गणित वेगळं). मग कापलं कशाला? कारण कापणाऱ्याला तुझं सगळं वर्ष दिसत नाही, त्याच्यापुढं एक बिल असतं, बिल आलं की दहा टक्के बाजूला. बँकेचंही तसंच. जास्त टॅक्स भरला जातो तो बहुतेक वेळा असाच, प्रत्येक जण आपापल्या तुकड्यावर कापतो आणि बेरीज करणारं कुणी नसतं, ती आपण वर्ष संपल्यावर रिटर्नमध्ये करायची.

आता वरचे १,०५०. ते व्याज, महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे २१० गुणिले एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने. पण गंमत अशी की व्याज सुरू होतं एप्रिलपासून, आदल्या मे महिन्यात कापलेले ३,५०० तोपर्यंत बिनव्याजी पडून होते. रिटर्न मुदतीनंतर भरलीस तर भरल्या दिवसापासनं मोजतात. आणि हे १,०५० पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचे, विसरू नकोस. लोक म्हणतात बरं आहे की, सक्तीची बचत होते. मला नाही पटत. त्यापेक्षा गल्लीतली भिशी बरी, नंबर कधी लागणार ते तरी कळतं.

पुढच्या वर्षासाठी एक कर, इन्कम टॅक्सकडं ऑनलाइन अर्ज करून टीडीएस कमी कापायचा किंवा कापायचाच नाही असा दाखला मिळतो, तो वर्षाच्या सुरुवातीलाच काढ आणि कंपनीला दे. थोडी कटकट आहे, पण ३,५०० दर महिन्याला हातात राहतील, तुझ्या स्कूटीचा हप्ता तेवढाच असेल बघ.

रिटर्न भरायच्या आधी २६एएस आणि एआयएस उघडून बघायचंच, आपल्या पॅनवर किती टीडीएस आणि उत्पन्न जमा दिसतंय ते त्यात कळतं. का सांगतो, मी उद्यमबागेत फाउंड्रीत हिशोब बघायचो तेव्हा खानापूरकडचा एक फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याचा, कॉन्ट्रॅक्टर होता, त्याचे १ टक्क्यानं ५,८०० कापले आणि टीडीएस रिटर्नमध्ये पॅनचं एक अक्षर चुकवलं ते मीच. पैसे भलत्याच माणसाच्या नावावर जमा. तो बिचारा तीन वेळा येऊन गेला, तिसऱ्यांदा बसला नाही, चहा पण घेतला नाही, नुसता दारात उभा. करेक्शन रिटर्न भरलं तेव्हा कुठं त्याच्या २६एएसमध्ये आकडा दिसला. माझी चूक, पण हेलपाटे त्याला. म्हणून आधी आपण बघायचं.

बाकी बारीकसारीक आहे, तुझी प्रोफेशनल फी असल्यामुळं आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं पाहिजे, भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे रिटर्न आपलंच असं ऑनलाइन पक्कं करायचं. रिटर्न प्रोसेस होतं बेंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे खात्याच्या केंद्रात, निपाणीच्या माणसानं भरू दे नाहीतर पलीकडच्या कागलच्या, त्यात सीमेचा वाद नाही. तुझ्या दादाच्या पगारातनं २०० जातात तो प्रोफेशनल टॅक्स मात्र कर्नाटक सरकारचा, तो रिफंडमध्ये येत नाही, त्याला सांग उगाच शोधत बसू नको.

आणि तो तुझ्या मैत्रिणीचा एजंट, रिफंड वाढवून देतो मला टक्केवारी द्या म्हणणारा, त्याच्या नादाला लागू नका. हे लोक खोटं घरभाडं, राजकीय पार्टीला न दिलेली देणगी असलं काहीतरी टाकतात, रिफंड येतोही, एजंट टक्का घेऊन गायब आणि नोटीस मैत्रिणीच्या नावानं. असले खोटे क्लेम करून देणाऱ्यांवर खात्यानं २०२५ च्या जुलैत देशभर कारवाई केली, आणि मुद्दाम खोटं दाखवलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड असतो. तुझा रिफंड अप्रूव्ह झालाय इथं क्लिक कर असा मेसेज आला तर तोही डिलीट, खरा रिफंड लिंक दाबून येत नाही, सरळ खात्यात येतो.

आता आजीचं. शहापुरातल्या तिच्या एफडीवर बँकेनं टीडीएस कापलाय असं तुझी आई बोलता बोलता म्हणाली. सीनियर सिटिझनला एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं तरच कापतात, ही मर्यादा २०२५ च्या एप्रिलपासनं आहे, आधी ५०,००० होती. तिचं वर गेलंही असेल, आजोबांचे सगळे पैसे तिथंच आहेत. पण तिला टॅक्स बसतच नसेल तर आम्ही १५एच म्हणायचो तो, टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म बँकेला एप्रिलमध्येच द्यायचा असतो, तो कुणी दिला नाही असं दिसतंय. कापलेले पैसे रिटर्न भरून मिळतील. फक्त बँकेत तिचा पॅन लागलाय का ते आधी बघ, नसला तर १० च्या जागी २० टक्के कापतात आणि २६एएसमध्ये दिसतही नाही, मग मागायचं कुठल्या तोंडानं.

रविवारी दहाच्या आत ये, आजीचं पासबुक, पॅन आणि आधार घेऊन. कुंदा आणू नकोस, परवाच शुगर २१० निघाली.

तुझा काका