विणकाम गिरणी आणि डिझाइन सॉफ्टवेअर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या जॅकार्ड यंत्रांच्या (मागावरचे उभे धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या यंत्रांच्या) पुरवठादाराने त्याच्या भागीदार कंपनीचे डिझाइन सॉफ्टवेअर यंत्रांसोबतच देऊ केले आहे. ते घ्यावे, की स्वतंत्रपणे दुसरे निवडावे?

उत्तर : अशा जोडव्यवहाराची सोय खरी असते. हुकांची (उभे धागे उचलणाऱ्या भागांची) मांडणी, किनारीचे हूक, रंग बदलण्याचे संकेत हे सारे आधीच बसवलेले असल्याने तयार झालेली फाइल थेट मागावर चालते. मात्र बहुतेक गिरण्यांत एकाच बनावटीची यंत्रे नसतात. स्टॉबलीच्या यंत्राला जेसी५ फाइल लागते, बोनासच्या यंत्राला ईपी. तेव्हा तुमच्या प्रत्येक यंत्राला लागणारी फाइल या सॉफ्टवेअरमधून निघते का, हे प्रथम विचारावे. पुरवठादाराने दाखवायला आणलेले नमुने नेहमीच सुंदर विणले जातात. म्हणून सध्या मागावर असलेले तुमचेच एखादे अवघड कापड त्याला द्यावे, त्याची फाइल तुमच्यासमोर करवून घ्यावी, आणि ती दोन वेगळ्या बनावटींच्या यंत्रांवर विणून पाहिल्यावरच सही करावी.

प्रश्न : पडद्यावर गोल दिसणारे फूल कापडावर लांबट झाले. दोष सॉफ्टवेअरचा की मागाचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही, घनतेचा, म्हणजे इंचातल्या धाग्यांचा, आकडा चुकला असावा. समजा, तयार कापडात इंचाला 96 उभे आणि 64 आडवे धागे आहेत. 10 इंच व्यासाच्या वर्तुळाला 960 उभे आणि 640 आडवे धागे लागतील. चौकोनी घरांवर 960 बाय 960 काढले, तर तेच वर्तुळ 15 इंच उंचीचे होईल. जुन्या ग्राफ कागदाची घरे कापडाच्या घनतेनुसार आयताकृती आखलेली असत ती याचसाठी. सॉफ्टवेअरही हे प्रमाण सांभाळते, पण आकडे आपण द्यावे लागतात. यात हमखास होणारी चूक अशी की मागावरची घनता भरली जाते, आणि धुलाई व फिनिशिंगनंतर कापड रुंदीत व लांबीत वेगवेगळे आवळते हे कोणाच्या लक्षात राहत नाही. आकृतीचे प्रमाण तयार कापडाच्या घनतेवरून ठरवावे. हुकांचा हिशेबही त्यावरूनच होतो : एका आकृतीसाठी 2400 हूक वापरात असतील आणि प्रत्येक हूक त्या आकृतीतला एकच धागा उचलत असेल, तर 96 धाग्यांच्या कापडात ती 25 इंचांनी पुन्हा येते. म्हणून प्रत्येक वाणाच्या आवळण्याची नोंद विणकाम विभागाकडून घेऊन सॉफ्टवेअरमध्ये भरणे, हे पहिल्या महिन्याचे काम समजावे.

प्रश्न : ग्राहकाला विणलेल्या नमुन्याऐवजी पडद्यावरचे चित्र पाठवून मंजुरी घेता येईल का?

उत्तर : दहा रंगसंगतींतून दोन निवडण्यासाठी अवश्य. अंतिम मंजुरीसाठी नाही, कारण कापडाचा स्पर्श आणि पडण्याची ढब चित्रातून कळत नाही, आणि रंगांचे अचूक मोजमाप न केलेल्या दोन पडद्यांवर एकच रंग वेगळा दिसतो.

प्रश्न : भागीदारीच्या करारात काय तपासावे?

उत्तर : सुतांचे व विणींचे जे संग्रह तुम्ही वर्षानुवर्षे भराल, ते कोणाचे, हे आधी. करार संपल्यावर ते दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळावेत, असे कलम नसेल तर घालून घ्यावे. एरवी गिरणी त्या पुरवठादाराला बांधली जाते आणि वार्षिक देखभालीचा दर तोच ठरवतो. तुमच्या डिझाइनच्या फाइल दुरुस्तीसाठी त्याच्याकडे जाणार असल्याने गोपनीयतेचे कलमही हवे, कारण तोच पुरवठादार तुमच्या स्पर्धकालाही सेवा देत असतो. प्रशिक्षणाबाबत माझा आग्रह थोडा वेगळा आहे. केवळ संगणक जाणणाऱ्या तरुणांना पाठवू नये. ग्राफवर वीण भरणारा जुना कारागीर त्यांच्यासोबत बसवावा. विणीत न अडकता लांब सुटलेला धागा सॉफ्टवेअर लाल करून दाखवते, पण कोणत्या सुतात तो किती लांब चालेल, हे त्याला त्या कारागिराकडूनच कळायचे असते.