बाळाला छातीशी धरलं तर गारठेल का?

प्रश्न: ताई, आमचं बाळ आठव्या महिन्यातच झालं, वजन 1400 ग्रॅम, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. बायकोचं सिझर झालंय, सिस्टर म्हणतात तुम्ही शर्ट काढून बाळाला छातीशी घ्या, पण आई म्हणते ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतून काढलं की गारठेल. काय करू?

उत्तर: घ्या, नक्की घ्या! आईंची काळजी खरीय, अशा बाळांच्या अंगावर चरबी फारच कमी असते, पण म्हणूनच तर हे करायचं, तुमच्या अंगाची ऊब त्याला थेट मिळते. 1978 साली कोलंबियात बोगोटाला पेट्या कमी पडायच्या तेव्हा डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, आता डब्ल्यूएचओच (जागतिक आरोग्य संघटना) सांगते दिवसाचे 8 ते 24 तास, जमेल तितकं करा. बाळाला फक्त डायपर, टोपी, मोजे, तुमच्या छातीवर उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला वळवून जराशी वर म्हणजे श्वास मोकळा राहतो, आणि वरून कापड बांधायचं. तासभर तरी सलग बसा, सारखं काढ-ठेव नको. नळ्या सिस्टर सांभाळतील. बायकोला बसता आलं की तिच्याकडे द्या, दूधही चांगलं येतं. आणि आईंना एकदा हात लावून बघू दे, बाळाचे गार तळपाय कसे हळूहळू कोमट होतात ते.