फेस नाही म्हणून स्टार्टर ओतून देऊ नका

'लागरसाठी केलेल्या स्टार्टरला ३६ तास झाले, फेस नाही, बुडबुडे नाहीत, यीस्ट मेलं असावं, उद्या नवीन मागवतो' हे घरी बिअर करण्याबद्दलचं तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. (लागर म्हणजे थंडाव्यात आंबवायची बिअर, आणि स्टार्टर म्हणजे तिच्यात घालण्याआधी यीस्ट वाढवायचं लहानसं गोड द्रावण.) थांबा, काहीही ओतू नका. स्टर प्लेट (फ्लास्क सतत ढवळणारं यंत्र) बंद करून फ्लास्क रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तळाला सायीच्या रंगाचा साका बसलेला दिसला, तर तेच तुमचं यीस्ट.

स्वच्छता, उकळणं तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते.

न्यू जर्सीत एका जुलैमध्ये माझंही हेच झालं. सामानाच्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसानं पाकिटावरची तारीखसुद्धा विचारली नाही. 'मेलंय, नवीन घ्या.' मी अख्खा फ्लास्क सिंकमध्ये रिकामा केला. आणि मोठी चूक म्हणजे १९ लिटर पिल्सनरचं (लागरचाच एक प्रकार) वॉर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, आधीच गार करून ठेवलं होतं! नवीन पाकीट तिसऱ्या दिवशी आलं, तेही उन्हात कोमट झालेलं. तोवर वॉर्टला आंबूस वास आणि वर पापुद्रा. सगळं फेकलं. दुकानानं नंतर ईमेललाही उत्तर दिलं नाही. अजून राग येतो.

ताजं यीस्ट असेल तर लहान स्टार्टर रात्रीत, आपण झोपेत असताना उरकतो. ढवळत असेल तर फेस दिसतच नाही कधीकधी. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) लावा, यीस्टनं साखर खाल्ली की आकडा उतरतो. १.०३७ वरून १.०१० च्या आसपास उतरलं असेल तर काम झालंय.

माझं ठाम मत: साका डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वॉर्ट शिजवायला घेऊ नये. विरजण हाताशी नसताना दूध कोमट करून ठेवतो का आपण?

लिटरला १०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (वॉर्ट सुकवून केलेली पूड) घ्या. साखर नको, साध्या साखरेवर वाढलेलं यीस्ट पुढे माल्टोज (वॉर्टमधली मुख्य साखर) खायला कुचराई करतं. एअरलॉकही (हवा आत येऊ न देणारं झाकण) नको, फॉइल सैल झाका, यीस्टला हवा लागते. लागरला १९ लिटरमागे साधारण ३५० अब्ज पेशी लागतात आणि ताज्या पाकिटात १०० अब्जच्या आसपास असतात, म्हणून स्टार्टर दोन टप्प्यांत वाढवा. वरची निवळ ओतून टाका, बिअरमध्ये घालू नका.

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नाही, अनुभवावरून सांगतेय. व्हिनेगरसारखा किंवा कुजकट वास आला तर मात्र खुशाल फेका. सुक्या लागर यीस्टची एकदोन पाकिटं फ्रिजमध्ये कायम ठेवा, त्यांना स्टार्टर लागत नाही. महाराष्ट्रात राहून वाचणाऱ्यांनी आधी तिथला परवान्याचा कायदा बघावा, इथली, अमेरिकेतली मोकळीक तिथे नाही.

पाकिटावरची तारीख आणि हायड्रोमीटरचा आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.